सोलापुरात लोकरीचा स्वेटर, तोही घरच्या धबडग्यात: विणणाऱ्यांनी वाट दाखवा

दोनसुया (सोलापूर) | १४ ऑक्टोबर, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. सासऱ्यांसाठी लोकरीचा स्वेटर विणायला घेतेय. 'सोलापुरात स्वेटर?' हे घरात, कामावर, दुकानात सगळीकडे ऐकून झालंय, म्हणून त्याचं उत्तर आधीच देते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ला जातो हे खरंच, पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे तो १२-१५पर्यंत उतरतो आणि दुपारी परत तिशीला टेकतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला एका दिवसातला हा फरक सोसत नाही. मामंजी पहाटे साडेपाचला उठतात आणि अंगणात शेकोटी करून बसतात. अंगावर चादर. बसलेत तोवर ठीक, पण उठायला गेले की चादर खांद्यावरून घसरते आणि तिचं टोक विस्तवात जाईल म्हणून माझा जीव वरखाली होतो.

मामंजींची ३४ वर्षं पूर्व भागात चादरीच्या कारखान्यात जकार्डच्या मागावर गेली. उजवा खांदा आता वर जात नाही, त्यामुळे डोक्यातून घालायचा स्वेटर बादच. विकतचे बटणांचे दोन आणले, दोन्ही मुंढ्यात काचतात. दोन्ही कपाटात पडून आहेत. ते काही मागणारे नाहीत, पण परवा लोकरीचं नाव काढल्यावर एवढंच म्हणाले, "चष्म्याला खिसा कर गं."

विणकाम आईनं शिकवलंय, ते येतं. अडतं वेळेशी. सकाळी चार डबे, साडेनऊला पतसंस्था, संध्याकाळी सहाला घर. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, घरून कडक भाकरीच्या ऑर्डरी घेतात, म्हणजे रात्री भाकऱ्या मोजून पाकिटं भरायची. मुलगी दहावीला, मुलगा दुसरीत. शिवाय पाण्याचा दिवस असला की टाकी, पिंप, हंडे भरेपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावता येत नाही. गेल्या ४ वर्षांत ३ स्वेटर सुरू केले आणि तिन्ही अर्धेच राहिले. शेवटचा पानांच्या नक्षीचा होता, १२ ओळींची नक्षी. सातव्या ओळीत कुकर झाला म्हणून उठले आणि परत आल्यावर कुठे होते तेच कळेना. असं ३-४ वेळा झालं आणि पिशवी माळ्यावर गेली.

जानेवारीत गड्डा, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांची यात्रा. होमाच्या रात्री मामंजी होम मैदानावर जातातच, कितीही उशीर होवो. त्या रात्री अंगात हा स्वेटर असावा एवढंच मनात आहे. कुठली वीण घेऊ? लोकर कुठली? आणि माझ्यासारख्या घरातल्या बायका हे पुरं कसं करतात, ते सांगा.

---

वेणीचा टाका | १५ ऑक्टोबर, दुपारी १:४०

ताई, वेळेला दोष देऊ नका. तुमचे तिन्ही स्वेटर नक्षीनं अडवलेत. ज्या घरात दर दहा मिनिटांनी हाक येते, तिथे वीण अशी घ्यावी की हाक आली की आहे तिथे सुया खाली ठेवता येतील आणि चार दिवसांनी हातात घेतल्यावर नुसतं विणलेल्याकडे बघून पुढचा टाका कळेल. कागद उघडावा लागला की काम मागे पडतं. मी तीन मुलं, दोन नणंदांची लग्नं आणि एका आजारपणात विणत आलेय. पुरं झालेलं प्रत्येक काम साध्या विणीचं आहे. वेण्या मी घातल्या त्या सगळ्या मुलं मोठी झाल्यावर.

तुमच्यासाठी साबुदाण्याची वीण. टाके विषम घ्यायचे, प्रत्येक ओळ सुलट टाक्यानं सुरू करायची आणि एक सुलट एक उलट करत जायचं. पुढच्या ओळीत समोर दाणा दिसला की सुलट, सपाट दिसला की उलट. लक्षात ठेवायचं काही उरतच नाही. शिवाय ही वीण कडेला गुंडाळत नाही, त्यामुळे पुढच्या उघड्या बाजूला वेगळी पट्टी नको.

ओळीच्या मध्ये थांबू नये असं आपल्या आया सांगायच्या. तिथला टाका थोडा ढिला पडतो म्हणून. पण पहिल्या धुण्यात तो बसतो, त्याचं दडपण नको. अर्ध्या ओळीवरून परत घेताना एकच बघायचं: दोरा ज्या सुईवरच्या टाक्यातून निघालाय, ती सुई उजव्या हातात. हे चुकलं की माणूस उलट दिशेला विणत जातो आणि मधेच एक खाच पडते.

आणि तुकड्यांत विणा. पाठ, पुढचे दोन भाग, दोन बाह्या. एक तुकडा पर्समध्ये मावतो, अख्खा स्वेटर मावत नाही.

---

लष्करवाली (सोलापूर) | १५ ऑक्टोबर, रात्री ९:०५

मीही सोलापूरचीच. थोडं वेगळं मत मांडते. नवी पेठेत 'लोकर' म्हणून जे मिळतं ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक असतं, आणि त्यात वाईट काही नाही. मशीनमध्ये धुता येतं, टोचत नाही, स्वस्त पडतं. ज्या घरात पाणीच मोजून येतं तिथे हातानं जपून धुवायची लोकर कोण सांभाळणार? मुलांसाठी मी अ‍ॅक्रिलिकच वापरते. सुनेच्या कामात आणखी एका कामाची भर नको, म्हणून सांगतेय.

---

वेणीचा टाका | १५ ऑक्टोबर, रात्री १०:३०

लष्करवाली ताई, मुलांच्या कपड्यांबाबत तुमचं पटतं. इथे मात्र माणूस रोज शेकोटीपाशी बसणार आहे. अ‍ॅक्रिलिक ठिणगीनं वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. खरी लोकर सहजी पेट घेत नाही, पेटली तरी विस्तव दूर केला की विझते, आणि वितळत तर नाहीच. या एका कारणासाठी मी लोकरच म्हणेन.

दुकानात ओळखायचं असेल तर दोऱ्याचा बोटभर तुकडा मागून घ्या आणि घरी चिमट्यात धरून जाळून बघा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटानं चुरली गेली तर लोकर. टोकाला कडक काळा मणी तयार झाला तर अ‍ॅक्रिलिक. धुण्याचं म्हणाल तर लोकर रोज धुवायची नसते. आत सदरा असतो, वरून रात्रभर वाऱ्यावर टाकला तरी पुरतं. थंडीभरात दोनदा धुतला म्हणजे खूप झालं.

---

माणदेशी (सांगोला) | १६ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

चर्चा लोकरीची निघाली म्हणून बोलतो. आपल्या जिल्ह्यात लोकर कमी नाही. आमच्याकडे दख्खनी मेंढ्या आहेत, वर्षातून दोनदा कातरणी होते. पण ती लोकर राठ, त्यात केसही पुष्कळ. तिचं घोंगडं होतं, आणि घोंगड्यासारखी ऊब नाही. धाग्याला चिंचोक्याची खळ देऊन मागावर विणलेलं घोंगडं पाऊस अंगावर घेतं. गळ्याला लागणारा कपडा मात्र या लोकरीचा करू नका, म्हातारं माणूस खाजवून हैराण होईल. आजोबांच्या घोंगड्याखाली झोपलोय, त्या अनुभवावरून सांगतो. स्वेटरला मऊ मेरिनोच घ्या, आणि पहाटे शेकोटीपाशी मांडीवर घोंगडं द्या. ठिणगीचं तिथंही भय नाही.

---

दोनसुया | २५ ऑक्टोबर, रात्री ११:४५

सगळ्यांचे आभार. ठरलं: मेरिनो, साबुदाण्याची वीण, पुढून उघडा आणि मोठी बटणं. दहा वाजता ऊन तापलं की मामंजींना एका हातानं काढता आला पाहिजे.

लोकर बाहेरून मागवली. ५० ग्रॅमच्या १३ गुंड्या, सगळ्या एकाच लॉट नंबरच्या, म्हणजे एकत्र रंगवलेल्या. किंमत बघून दोन रात्री विचार केला. जाळून बघितली, केसांचाच वास आला. रंग मामंजींनी निवडला. मला वाटलं करडा म्हणतील, त्यांनी गडद मरून घेतला. म्हणाले, या रंगावर धूळ दिसत नाही आणि दिव्याखाली धागा दिसतो.

९ नंबरच्या सुयांवर मापापुरता छोटा नमुना केला. ४ इंचांत २२ टाके, म्हणजे इंचाला साडेपाच. छाती ४०, सदऱ्यावरून घालायचा म्हणून ४ इंच सैल, एकूण ४४. ४४ गुणिले साडेपाच, २४२ टाके. बरोबर आहे ना? आजच टाके घालते.

---

वेणीचा टाका | २६ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

थांबा ताई! नमुना धुतलात का? धुवा, वाळू द्या आणि परत मोजा. लोकर पाण्यात पसरते.

---

दोनसुया | २७ ऑक्टोबर, रात्री १०:२०

बरं झालं थांबवलंत. धुऊन वाळवल्यावर ४ इंचांत २१ टाके भरले. इंचाला सव्वापाच. २४२ टाक्यांवर गेले असते तर स्वेटर ४६ इंचांचा झाला असता, खांद्यावरून ओघळला असता. आता ४४ गुणिले सव्वापाच, म्हणजे २३१. पाठीला ११५ टाके आणि पुढच्या दोन्ही भागांना ६३-६३, म्हणजे मधे २ इंच एकावर एक चढवून बटणं लावता येतील.

नमुना पाहून मामंजी बराच वेळ बोलले. एरवी फार बोलत नाहीत. त्यांच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ असायची, एका पत्त्याला बाण्याचा एक आडवा धागा. भोक असेल तिथला ताणा, म्हणजे उभा धागा, उचलला जायचा, नसेल तिथला खालीच. चादरीवरचं मोराचं पीस असं पत्त्यापत्त्यानं उतरायचं. नमुना डोळ्यांशी धरून म्हणाले, "तुझ्याकडं पत्ता नाय. तू बगूनच विणालीस." मी म्हटलं, तसंच ठरवलंय मामा.

---

लष्करवाली (सोलापूर) | २८ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

शेकोटीचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मुद्दा मान्य. लाकडी बटणं हवी असतील तर मधल्या मारुतीजवळच्या दुकानांत बघा, मोठ्या आकारात मिळतील. बोटं आखडलेल्या माणसाला लहान बटण म्हणजे शिक्षा.

---

दोनसुया | १७ नोव्हेंबर, रात्री १२:०५

दिवाळी झाली. पंधरा दिवसांत फराळापायी सुयांना हात लावला नव्हता. तरी उचलल्यावर एका नजरेत कळलं कुठे आहे ते, एक टाकाही चुकला नाही. चार वर्षांत पहिल्यांदा असं झालं.

वेळ कसा काढते ते लिहिते, माझ्यासारख्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून. सकाळी कणीक मळून झाली की ती मुरेपर्यंत १० मिनिटं. मुलाच्या शाळेच्या फाटकापाशी १५. आत्याबाईंचा तवा तापेपर्यंत दोन ओळी. रात्री मुलगी अभ्यासाला बसली की मी तिच्यासमोर बसते, ती प्रमेयं पाठ करते आणि मी विणते. पूर्वी मी तिच्यामागे उभी राहून 'झालं का, झालं का' करायची. आता हातात काम आहे, तर ती शांतपणे वाचते. तिनं स्वतःच सांगितलं मला हे.

पण आज मोठा घोटाळा झालाय. पाठीच्या ११० ओळी झाल्या होत्या. धाकट्याची गोटी कपाटाखाली गेली आणि ती काढायला त्यानं विणकामातली सुई उपसली. ११५ टाके उघडे! काही टाके दोन-तीन ओळी खाली उतरलेत आणि तो रडतोय. मी काम तसंच पाटावर ठेवलंय. सगळं उसवू का?

---

वेणीचा टाका | १७ नोव्हेंबर, रात्री १२:२०

उसवू नका, ओढू तर मुळीच नका. हलवलं नाहीत तर लोकरीचे टाके आपल्या जागी उभे राहतात, हा तिचा मोठा गुण आहे. १२ नंबरची बारीक सुई घ्या आणि दोरा आहे त्याच्या उलट टोकाकडून एकेक टाका तिच्यावर घ्या. टाक्याचा कुठला पाय पुढे आलाय ते आत्ता बघू नका, विणताना सरळ करता येतो. खाली उतरलेले टाके आधी सेफ्टी पिननं धरून ठेवा. नंतर क्रोशाच्या सुईनं, टाका उतरल्यानं पडलेल्या शिडीचा एकेक आडवा दोरा त्या टाक्यातून ओढत वर या. दाणा हवा असेल तिथे मागच्या बाजूनं ओढायचा, सपाट हवा असेल तिथे पुढच्या.

आणि इथून पुढे दर २० ओळींना वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. पुन्हा काही झालं तर काम त्याच्याखाली जात नाही.

---

दोनसुया | १८ नोव्हेंबर, रात्री ११:१५

मामंजींनी उचलले. मी उचलले नाहीत, त्यांनी. रात्री तुमचा प्रतिसाद मोठ्यानं वाचत होते, तर ते पलंगावरून उठून आले, चष्मा लावला आणि पाट दिव्याखाली ओढला. म्हणाले, "तुटलेला ताणा हजारदा उचललाय, हे काय." डाव्या हाताच्या बोटानं टाक्याच्या खाली नुसता आधार द्यायचे आणि सुईचं टोक आत सरकवायचे, टाका जागचा हलायचासुद्धा नाही. तर्जनीच्या टोकाला धाग्यानं पडलेला जुना घट्टा आहे, धागा त्याच्यावरच टेकवत होते. पाऊण तासात ११५ टाके सुईवर. धाकटा त्यांच्या मांडीला टेकून एकेक मोजत होता, शंभरानंतर झोपला. तीन शिड्या मी आज जेवणानंतर चढवल्या. कुठे होत्या ते आता सापडत नाही.

एक प्रश्न. मामंजींनी नवी गुंडी जोडताना विणकरांची बारीक गाठ मारून दिली. तुटणार नाही अशी आहे. चालेल?

---

वेणीचा टाका | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:००

मामंजींना माझा नमस्कार सांगा. त्या गाठीला मागावर तोड नाही, पण सुयांच्या विणीत टाका सैल असतो आणि गाठ कधीतरी दिसणाऱ्या बाजूला डोकं काढते. पाठीवर टोचतेही. खऱ्या लोकरीला गाठच लागत नाही. दोन्ही टोकांचे पीळ बोटभर सोडा, निम्मे निम्मे पदर कापा, टोकं एकमेकांवर ठेवून ओली करा आणि तळहातांत जोरानं चोळा. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात, ओलावा, ऊब आणि घासणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात. सांधा दिसतही नाही. (लोकर मशीनमध्ये धुण्याजोगी केलेली असेल तर हे जमत नाही, तिच्यावरचे खवले झाकलेले किंवा काढलेले असतात.) गरम पाण्यात घासून धुतलेला स्वेटर आटतो तोही याच खवल्यांनी, हे धुताना लक्षात असू द्या.

---

दोनसुया | २१ नोव्हेंबर, रात्री १०:५०

जमलं. मामंजींना दाखवलं तर म्हणाले, वाती वळतात तसं आहे हे. आत्याबाईंनी लगेच हात पुढे केला, रोज देवापुढच्या वाती त्याच वळतात. आता गुंडी संपली की सांधा त्या करून देतात.

---

दोनसुया | २२ डिसेंबर, रात्री ११:३०

बरेच दिवस लिहिलं नाही. पाठ आणि पुढचे दोन्ही भाग झाले. डावीकडच्या भागात ५ काजं, ३ टाके बंद करून पुढच्या ओळीत तेवढेच घालून. आतल्या बाजूला चष्म्याचा खिसा.

आता बाह्या. मुंढा न कापता सरळ ठेवलाय, खांदा उतरता. विकतच्या स्वेटरचा मुंढा मोजला तर ९ इंच भरला, मी साडेदहा ठेवलाय. मग बाहीचं वरचं तोंड २१ इंच, म्हणजे १११ टाके. मनगटाला ५३ घालून दर चौथ्या ओळीला दोन्ही कडांना एकेक वाढवतेय, असं २९ वेळा, मग सरळ. कडेला वाढलेला टाका दाणा की सपाट, हे शेजारच्या टाक्याकडे बघून ठरवते. ताईंचं हे 'बघून विणा' इतकं हातात बसलंय की बसच्या धक्क्यातही चालतं.

एक बाही झाली. दुसरीला तीन आठवडे आहेत आणि मधे मुलीची सराव परीक्षा. जमेल असं वाटतं.

---

माणदेशी (सांगोला) | २३ डिसेंबर, सकाळी ८:१०

रोज हा चर्चेचा धागा उघडून बघतो. घरात मंडळींना वाचून दाखवतो. आमच्या आईनं विचारलंय, बाही घालून बघितली का मामंजींनी? दुसरी विणायच्या आधी एकदा बघा म्हणते, कष्टाचं काम केलेल्या माणसाचे दोन्ही हात सारखे नसतात.

---

दोनसुया | २३ डिसेंबर, रात्री ९:४०

दादा, आईंना सांगा, त्यांचं खरं निघालं. आजच टाचून बघितली. उजवा हात डाव्यापेक्षा जाड, आणि खांदा उतरलेला असल्यानं बाही मनगटाखाली पाऊण इंच जाते. विणलेली बाही डावीकडे चपखल बसली. उजवी मनगटाला ५७ टाक्यांवर सुरू केली आणि लांबीला ६ ओळी कमी करणार. इतकी वर्षं एका घरात राहून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

---

दोनसुया | गड्डा यात्रेनंतरचा रविवार, दुपारी २:१५

झाला. गड्ड्यातल्या अक्षता सोहळ्याच्या आदल्या रात्री शेवटचं बटण लावलं. होमाच्या रात्री मामंजी पांढऱ्या सदऱ्यावर मरून स्वेटर घालून होम मैदानावर गेले. धाकटा सोबत होता. रात्री बऱ्याच उशिरा परतले. मी दार उघडलं तर वरची दोन बटणं उघडी, आणि डावी बाजू पोराच्या अंगावरून घेतलेली. म्हणाले, "ह्याला थंडी वाजत होती." मुंढा सैल होता म्हणून हे जमलं.

शेकोटीची राख आणि मैदानावरची धूळ बसली होती, म्हणून आज धुतला. गार पाणी, रिठ्याचा फेस, न चोळता नुसता बुडवून दाबला. पिळला नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपलं. थंडी सरल्यावर कसा ठेवायचा तेही सांगून ठेवा, कसर लागायची भीती वाटते.

---

वेणीचा टाका | त्याच दिवशी, दुपारी ३:००

डोळे भरून आले ताई. ठेवायच्या आधी एकदा नक्की धुवा, कसरीची अळी घामाच्या आणि तेलकट डागांवर आधी जाते. पूर्ण वाळल्यावर घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा, सोबत सुकवलेला कडुलिंबाचा पाला. टांगून ठेवू नका, स्वतःच्या वजनानं लांबतो. आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून, झटकून, उन्हं दाखवून परत ठेवा. आत्ता कुठे वाळत घातलाय?

---

दोनसुया | त्याच दिवशी, दुपारी ३:२०

गच्चीत, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, खाटेवर मोठा टॉवेल पसरून त्यावर आडवा. बाह्या मापाला ओढून सरळ केल्यात. कबुतरं येतात म्हणून मामंजी शेजारी खुर्ची टाकून बसलेत. मघाशी चहा द्यायला गेले तर एका बोटानं पाठीवरून हात फिरवत शिड्या कुठे होत्या ते शोधत होते.